वहीची मागची पानं

टेलरबाईंच्या दुकानात कायदा एकच होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, कारण लिहिलेलं वाचतं कोण? पण कात्रीला हात लावणाऱ्या प्रत्येकीला तो पहिल्याच दिवशी ऐकवला जाई: ज्याने चुकीचं कापलं, त्याने कापड भरून द्यायचं. सव्वीस वर्षांत बाईंनी या कायद्याला कुणासाठी मुरड घातली नाही. शिकाऊ मुलींच्या पगारातून पैसे कापले, काजं करणारीच्या पगारातून कापले, आणि पोटची लेक अकरा वर्षांची असताना दुकानात लुडबुडायची, तिच्या खाऊच्या पैशांतूनही कापले. बाई कडक होत्या, पण लबाड नव्हत्या. एकदा पांढऱ्या साटनवर त्यांची स्वतःचीच कात्री घसरली, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला नवं कापड आणून दिलं आणि महिनाभर चहात साखर घातली नाही.

आता असल्या बाईने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिडाच्या बोटीत बसून समुद्र ओलांडायला निघावं, याचं कारण ती लेकच होती. ती समुद्रापलीकडच्या शहरात फार्मसी शिकत होती. तीन वर्षं भेट नाही. फोन यायचे, पण हल्ली फार लवकर संपायचे. ‘सगळं ठीक आहे, आई’ हे ती इतक्या घाईने म्हणायची की बाईंना त्यातलं ‘ठीक’ काही पटत नव्हतं. विमानाने जावं, तर कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांनी विमानावर फुली मारलेली. मोठ्या जहाजाचं तिकीट म्हणजे दुकान विकायची वेळ. तर बाई शिवत राहायच्या, दर सहा महिन्यांनी फी पाठवायच्या आणि मनातल्या मनात कुढायच्या.

मग एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ तीन कोनांची गादी काखोटीला मारून दुकानात आले. तिला खोळ हवी होती.

“तीन कोनांची गादी कुठल्या पलंगाची हो?” बाईंनी विचारलं.

“बोटीच्या नाकातली,” ते म्हणाले.

हे कप्तान. चाळीस वर्षं मोठ्या जहाजांच्या इंजिनखोलीत घालवून निवृत्त झालेले. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. राहिली होती ती एक शिडाची बोट. तिच्यावर जीव इतका, की बायको तिला ‘सवत’ म्हणायची. कप्तानांनी मुकाट्याने तेच नाव बोटीच्या पाठीवर रंगवून टाकलं. पंधरा दिवसांत ही सवत पलीकडच्या किनाऱ्याला निघायची होती. तेही नेमक्या लेकीच्या शहराला. दोघे सोबती ठरले होते, तिसरा आयत्या वेळी गळला होता.

“मला येता येईल?” असं आपण विचारलं हे बाईंना स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर कळलं.

कप्तानांनी खोळीच्या शिलाईवरून बोट फिरवलं. “उलटी होते?”

“माहीत नाही. कधी बसलेच नाही.”

“खरं बोलता. चालेल.” मग त्यांनी व्यवहार सांगितला. खाणं, पाणी, डिझेल, धक्क्याचं भाडं यांचे चार सारखे वाटे, आणि चौथा वाटा कप्तानांचा स्वतःचा. शिडं, दोर, इंजिन, विमा हे सगळं त्यांचं एकट्याचं. “बोटीचं माझं, पोटाचं सगळ्यांचं. मी कुणाला पगार देत नाही आणि कुणाकडून भाडं घेत नाही. एक पैसा जास्त घेतला की मी खलाशी राहत नाही, टॅक्सीवाला होतो, आणि विमा कंपनी हात वर करते. पहारा मात्र सगळ्यांनी करायचा. चालेल?”

बाईंनी हिशेब केला. वाटा भरून हातात थोडे उरत होते. लेकीसाठी काहीतरी घेता येईल इतके. दुकान आवरताना त्यांनी चिंध्यांचं जुनं पोतं पहिल्यांदाच तळापर्यंत उपसलं. तळाशी एक निळं कापड निघालं, घडी घालून दडवलेलं, मधोमध चुकीचं कापलेलं. कात्रीचा काप उलट्या बाजूने आला होता, म्हणजे कापणारी डावखुरी. दुकानात डावखुरं एकच माणूस होतं, आणि तेव्हा ते अकरा वर्षांचं होतं. बाईंना आठवलं: हे निळं कापड ‘हरवलं’ म्हणून त्यांनी काजं करणारीच्या पगारातून पैसे कापले होते. त्यांनी कापड पुन्हा घडी करून बॅगेत टाकलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बोटीवर आणखी दोघे होते. एक निवृत्त गणिताचे मास्तर, खर्चाचा डबा यांच्याकडे. दुसरी जनावरांची डॉक्टर, तिशीतली, खणखणीत हसणारी. पहिले तीन दिवस बाई बादलीशी बोलत होत्या. त्या काळात डॉक्टरने त्यांच्या जिभेवर आल्याचे तुकडे ठेवले, मास्तरांनी त्यांचा पहारा केला, आणि कप्तानांनी दर तासाला येऊन सांगितलं, “क्षितिज बघा, बाई. बादलीत काही नाही.” आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईंची अशी काळजी कुणी घेतली नव्हती. चौथ्या दिवशी त्या उठल्या, पोटभर भात खाल्ला, आणि या तिघांचं आपण काहीतरी लागतो असं त्यांना वाटायला लागलं.

ते फेडायची संधी त्याच दुपारी आली. वाऱ्याचा एक फटका असा बसला की मोठं शीड वरच्या शिवणीतून टर्रकन उसवलं. दुसरं मोठं शीड बोटीवर नव्हतं.

“आणा इकडे,” बाई म्हणाल्या.

तीन दिवस त्या शिवत होत्या. खालच्या खोलीत टेबल, बाकडी आणि बाईंची मांडी, सगळीकडे ते पांढरंशुभ्र जाड कापड पसरलेलं. दोरा दुहेरी, टाका बारीक, तळहाताला चामड्याचा पट्टा. काम असं झालं की कप्तानांनी चष्मा लावून पाहिलं आणि नुसतं “वा” म्हणून चष्मा काढला.

पण एक गोष्ट राहिली. बोटीवरच्या मोरीला दोन पेडलं होती. एक दाबलं की समुद्राचं पाणी, दुसरं दाबलं की टाकीतलं गोडं. हात धुवायचे ते खाऱ्याने, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि बाईंना सव्वीस वर्षांची सवय: पांढऱ्या कापडाला हात लावायचा तर आधी हात स्वच्छ धुवायचे. खाऱ्या पाण्याने पांढऱ्यावर डाग पडेल, म्हणून गोड्याने. घाम आला, धुवा. दोऱ्याचं मेण लागलं, धुवा. त्यात पेडल! शिलाई मशीनवर मुरलेला पाय एकदा पेडलवर पडला की मन दुसरीकडे असलं तरी तो आपला चालतच राहतो.

सातव्या दिवशी सकाळी बाईंनी पेडल दाबलं तर नळातून पाण्याऐवजी खोकला आला.

टाक्या दोन होत्या. पहिली बाराव्या दिवसापर्यंत पुरायची. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. खाली कुणी नव्हतं. डॉक्टर वर झोपलेली, मास्तर सुकाणूवर, कप्तान नकाशात डोकं घालून. दोन्ही टाक्यांमधली चावी हाताशीच होती. ती फिरवली असती तर दुसरी टाकी सुरू झाली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. निदान आठवडाभर तरी. बाईंचा हात चावीवर गेला, तिथे थांबला, आणि मग त्या जिना चढून वर आल्या.

“कप्तान, माझ्या हातून पाणी संपलं.”

कप्तानांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी वर शिडाकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे, आणि त्यांना हसू आवरेना. “अहो बाई, ज्याच्या तोंडावर समुद्र दिवसरात्र थुंकतो, त्याला हात लावायला तुम्ही गोड्या पाण्याने हात धुतलेत?”

हसून झाल्यावर त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. दक्षिणेला एक बेट होतं, दोन दिवसांवर. ते मागे पडलं की पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जमीन नाही. त्यांनी सुकाणू वळवायला सांगितलं.

बेट म्हणजे एक धक्का, चार गोदामं आणि एक कचेरी. धक्क्यावरचा पाण्याचा पंप नादुरुस्त आणि दुरुस्त करणारा कुणाच्यातरी लग्नाला गेलेला. दुष्काळात तेरावा महिना. तीन रात्री थांबावं लागलं. धक्क्याचं भाडं, माणशी कागदपत्रांची फी, लिटरवर मोजून मिळणारं पाणी, वाढीव दिवसांचं खाणं. मास्तरांनी टेबलावर सगळ्या पावत्या मांडल्या, बेरीज केली आणि पेन्सिलीने चारने भागायला घेतलं.

“भागू नका,” बाई म्हणाल्या. त्यांनी बटवा टेबलावर उपडा केला. “चूक माझी. हे सगळं मी भरणार.”

मास्तरांनी नाण्यांकडे पाहिलं. “हे पुरत नाही, बाई. अर्धंही नाही.”

“मग डब्यात माझ्या पुढच्या प्रवासाचे जे पैसे पडलेत, तेही धरा. मी इथे उतरते. महिन्याअखेर मालवाहू बोट परत आपल्याकडे जाते, कचेरीत विचारून आलेय. तोवर इथल्या लोकांचं फाटकं शिवीन.”

“वेड्या आहात का?” डॉक्टर उसळली. “लेकीला भेटायला निघालात ना? मी भरते तुमचे.”

“नको गं बाई. आतापर्यंत केलंत तेच जन्मभर पुरेल.” बाईंची मान ताठ होती. “माझ्या दुकानात बायकांच्या तुटपुंज्या पगारातून मी पैसे कापलेत. माझी वेळ आली की कायदा बदलायचा? उपकारावर तरंगत लेकीपुढे उभी राहिले तर तिला काय तोंड दाखवू?”

त्या नाकाकडच्या खोलीत गेल्या आणि बॅग भरायला लागल्या. लुगडी, सुईची डबी, ते निळं कापड. डोळ्यांतून पाणी येत होतं. इतके दिवस जिच्याकडे एकेक मैल सरकत होत्या, ती लेक आता पुन्हा फोनमधल्या ‘सगळं ठीक’एवढीच उरणार होती.

थोड्या वेळाने कप्तान आले. त्यांनी समजूत घातली नाही. “जरा सरका,” म्हणाले आणि तीन कोनांची गादी उचलली. खाली एक जाड वही होती. “हिशेबाची वही. पुढून खर्च. तो मास्तर लिहितात. तुम्ही मागून उघडा.”

बाईंनी मागून उघडली. प्रत्येक ओळ वेगळ्या अक्षरात होती.

‘दोर न बांधताच नांगर टाकला. नांगर गेला. कप्तान. चार वाटे.’

‘बटाट्यांचं पोतं इंजिनाला टेकवून ठेवलं. निम्मे शिजले, निम्मे कुजले. मास्तर. पाच वाटे.’

‘मासा समजून स्वतःच्याच टोपीला गळ लावला. गळ, दोरी, टोपी, तिन्ही समुद्रात. डॉक्टर. चार वाटे.’

बाईंना रडता रडता हसू आलं. “नांगर तर बोटीचा. तो तुमचा ना?”

“मीही तेच म्हणालो. पण चूक झाली की बोटीचं आणि पोटाचं असा भेद राहत नाही. मागून पहिलं पान बघा.”

पहिल्या पानावरचं अक्षर वाकडंतिकडं होतं. ‘पाणी उपसायच्या पंपाचा दांडा भांडी घासताना समुद्रात पडला. न्हावी. तीन वाटे.’ आणि खाली रेघ मारून: ‘यापुढे बोटीवर झालेली चूक सगळ्यांची. फक्त लगेच सांगायची.’

“हे माझ्या बायकोचं,” कप्तान म्हणाले. “आमची पहिली लांबची फेरी. ती, मी आणि आमच्या गल्लीतला न्हावी. निघताना मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, हरवेल त्याने भरायचं. न्हाव्याच्या हातून दांडा पडला. तो घाबरला, बोललाच नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आठ दिवसांनी वादळ आलं, बोटीत पाणी भरलं, मी पंपाकडे धावलो तर दांडा नाही. दीड दिवस बादल्यांनी पाणी उपसलं. बायको बादली घेऊन घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मी न्हाव्याला मारायचाच बाकी होतो. तर ही मोडका हात धरून म्हणते, ‘त्याला काय ओरडता? त्याने सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्या खिशात हात घातला असता. दांडा त्याने पाडला. लपवायला तुम्ही लावलंत.’ हे तिने प्लास्टरमधल्या हाताने लिहिलंय.”

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं.

“त्या दिवशी सकाळी तुम्ही चावी फिरवून गप्प बसला असता,” कप्तान म्हणाले, “तर आम्हाला कधी कळलं असतं? एकोणिसाव्या दिवशी. जवळ जमीन नाही, टाकीत थेंब नाही. तुम्ही वर येऊन सांगितलंत म्हणून आपण चौघं आज पावत्या मोजतोय. तुमच्या सांगण्याची किंमत मी मोजू शकत नाही, आणि मोजली तरी देता येणार नाही, विमावाला बसलाय. पण त्या सांगण्याचा दंड मी तुमच्याकडून घेतला, तर या बोटीवर पुढच्या वेळी कोण सांगेल हो?”

बाईंना चिंध्यांचं पोतं दिसलं. सव्वीस वर्षांत त्याच्या तळाशी आणखी काय काय गेलं असेल? आणि घाईघाईने ‘सगळं ठीक आहे, आई’ म्हणणारा तो आवाज. मुलीला लपवायला कुणी शिकवलं, हे त्यांना आत्ता, बेटावरच्या त्या तीन कोनांच्या खोलीत कळत होतं.

त्यांनी पेन्सिल मागितली. आपल्या सुबक अक्षरात, मापं लिहायच्या सवयीने, त्यांनी लिहिलं: ‘शीड शिवताना गोड्या पाण्याने हात धुतले. एक टाकी. टेलर. चार वाटे.’ मग पहिलं पान पुन्हा उघडलं आणि त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवर हात ठेवला. या बाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोटीला सवत म्हणणाऱ्या त्या बाईचे उपकार आपल्यावर किती आहेत, हे अजून त्यांना पुरतं कळायचं होतं, तरी त्या मनापासून म्हणाल्या, “देव तुमचं भलं करो, बाई.”

वर डॉक्टरने चहा टाकला होता. मास्तरांनी चौथा भाग बटव्यातून मोजून घेतला आणि उरलेली नाणी बाईंपुढे सरकवली. “गणित बरोबर आहे,” ते गंभीरपणे म्हणाले, आणि मग चष्मा पुसत बसले.

सव्विसाव्या दिवशी किनारा दिसला. बेटावरून कळवलं होतं, त्यामुळे लेक धक्क्यावर उभी होती, बारीक झालेली, हात मागे धरून. बाई उतरल्या तेव्हा जमीन पायांखाली डुलत होती. लेकीने मिठी मारली, आणि तिच्या मनगटावरचे डाग बाईंना दिसले. भाजल्याचे, आडवे, एकावर एक. इस्त्रीचे चटके ओळखायला टेलरला कुणाला विचारावं लागत नाही. असले डाग औषधं मोजताना पडत नाहीत.

मागे तिघे सामान उतरवत होते. कप्तानांनी एकदा मायलेकींकडे पाहिलं आणि पाठ फिरवून एकच दोर तीनदा बांधला.

“आई,” लेक म्हणाली, “चल ना, आधी काहीतरी खा.”

“तू बोल आधी.”

लेक खाली बघायला लागली. “मी पहिल्याच वर्षी नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा गेले. दीड वर्ष झालं, आई. लॉन्ड्रीत कामाला आहे, चादरींना इस्त्री करते. शेवटच्या तीन हप्त्यांची फी मी भरलीच नाही, तशीच ठेवलीय, एक पैसा हलवला नाही. रोज ठरवायचे, आज सांगीन. पण तू एवढं शिवून शिवून... मी कुठून भरून देणार होते?”

बाईंच्या जिभेवर जुना कायदा आलाच होता, सव्वीस वर्षांची वाट त्याला पाठ होती. त्यांनी तो गिळला.

“सांगितलंस ते फार बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “उशिरा सांगितलंस, पण तो उशीर माझ्यामुळे झाला. आता निम्मं माझं.”

“निम्मं काय?”

“सगळंच.” बाईंनी बॅग उघडली. वरच निळं कापड होतं. त्यांनी ते लेकीच्या हातात दिलं. लेकीने घडी उलगडली, तो उलटा काप पाहिला, आणि अकरा वर्षांच्या पोरीसारखा तिचा चेहरा उतरला.

“तुला माहीत होतं?”

“नव्हतं. निघताना सापडलं.” बाईंनी तिच्या भाजलेल्या मनगटावरून हलकेच अंगठा फिरवला. “याचे पैसे मी काजं करणारीच्या पगारातून कापले होते. घरी गेलो की तिला नेऊन द्यायचे. निम्मे तू, निम्मे मी.”